कोकणातल्या जुन्या गाडीचा मूळ कार्बोरेटर: खर्च किती आणि तो कुठे करायचा

जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर उभ्या जागी बंद पडायला लागली, बॉनेटखालून पेट्रोलचा वास यायला लागला, घाटात ओढ कमी वाटायला लागली, की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते 'किट टाकू या'. किट टाकून भागलं नाही तर दुसरं वाक्य तयार असतं, 'नवीन बसवून टाका, कशाला कटकट'. किट, म्हणजे पॅकिंग आणि पडद्यांसारख्या बदलायच्या बारीक भागांचा संच, स्वस्त असतं, नवीन डुप्लिकेट कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) चार दिवसांत पार्सलने येतो, म्हणून दोन्ही सल्ले पटकन पटतात. पण खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचा खरा बिघाड किटमध्ये येणाऱ्या भागांत फार क्वचित सापडतो. तो असतो थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) शाफ्टमध्ये, म्हणजे ती झडप फिरवणाऱ्या दांड्यात, बॉडीच्या आतल्या बारीक वाटांमध्ये आणि पिळलेल्या फ्लँजमध्ये, म्हणजे इंजिनाकडे टेकणाऱ्या सपाट तोंडात. पैसे तिथे घातले तर मूळ कार्बोरेटर पुन्हा अनेक वर्षं नीट चालतो. किटवर किट टाकत राहिलात तर तेवढेच पैसे जातात आणि गाडी आहे तिथेच राहते.

पुढे जे आकडे दिले आहेत ते अंदाजपत्रक बांधण्यापुरते आहेत. रत्नागिरी, कुडाळ, कोल्हापूर, मुंबई, प्रत्येक ठिकाणचा दर वेगळा, आणि लेथवाल्याच्या हातात त्या दिवशी किती काम आहे यावरही तो बदलतो. काम देण्याआधी भाव विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

आधी खात्री: दोष कार्बोरेटरचाच आहे का?

कार्बोरेटरवर ढकलले जाणारे निम्मे आजार इग्निशनचे, म्हणजे ठिणगीचे, निघतात. म्हणून खोलण्याआधी पॉइंटचा गॅप, कंडेन्सर, प्लग, प्लगच्या वायरी, टायमिंग आणि टॅपेट एवढं पाहून घ्या. दमट हवेत डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत ओल धरते, त्यावर बारीक काळ्या रेषा उमटतात आणि गाडी पावसाळी सकाळी मिसिंग करते. तो दोष कार्बोरेटर दहा वेळा धुऊन जाणार नाही. या तपासणीला आणि लागलेच तर पॉइंट-कंडेन्सर बदलायला पाचशे ते हजार-बाराशे रुपये पुरतात.

मग पेट्रोलची वाट. टाकीच्या तळाशी गंज आहे का, फिल्टरमध्ये तपकिरी गाळ येतो का, पंपाचा डायफ्रॅम धड आहे का, हे बघा. टाकी गंजलेली असेल तर कार्बोरेटरवर खर्च करण्यात काहीच अर्थ नाही, कारण महिन्याभरात तोच गंज जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसतो.

शेवटची चाचणी सगळ्यात उपयोगाची. इंजिन गरम होऊन आयडलला, म्हणजे पाय न देता उभ्या जागी, चालू असताना थ्रॉटल शाफ्टच्या दोन्ही टोकांवर आणि मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर ज्या नळीवर बसतो तिच्या) सांध्यावर कार्बोरेटर क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा. आवाज बदलला, रेस वरखाली झाली, तर तिथून हवा ओढली जाते आहे. क्लीनर पेट घेतो, म्हणून तापलेल्या एक्झॉस्टवर तो पडू देऊ नका आणि अग्निशामक हाताशी ठेवा. शाफ्टच्या टोकाशी आवाज बदलला तर खर्च कुठे होणार हे तुम्हाला इथेच कळलं.

तुमच्या गाडीवर काय बसवलेलं आहे

फियाट 1100 आणि प्रीमियर पद्मिनीवर सोलेक्स असतो (सोलेक्स, एसयू, कार्टर, स्ट्रॉमबर्ग, मिकुनी ही कार्बोरेटरच्या मेकची नावं), 32 पीबीआयसी या कुळातला. 32 म्हणजे थ्रॉटलच्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडरवर बहुधा एसयू दिसतो. एचएस 2 या नावातला 2 म्हणजे एक इंचावर दोन अष्टमांश, म्हणजे सव्वा इंची. स्टँडर्ड हेराल्डवर सोलेक्स. महायुद्धातल्या विलीज जीपवर कार्टर डब्ल्यूओ. आणि 1983 पासूनच्या मारुती 800 वर मिकुनी जातीचा.

खर्चाच्या दृष्टीने यांचे सरळ तीन गट पडतात. सोलेक्स आणि मिकुनीचे भाग देशात मिळतात, त्यामुळे ते सगळ्यात स्वस्त. एसयूचे गास्केट (पॅकिंग), फ्लोट (आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) इथे मिळतात, पण चांगली सुई आणि जेट हवं असेल तर बहुतेक वेळा इंग्लंडहून मागवावं लागतं. तिथे सॉल्झबरीची बर्लेन ही कंपनी आजही एसयूचे भाग बनवते. कार्टर, स्ट्रॉमबर्ग किंवा जोडीने लावलेले एसयू असतील तर खर्च वेगळ्याच पातळीवर जातो.

बॉडीवर किंवा फ्लोट चेंबरच्या स्क्रूखाली लावलेल्या पितळी पट्टीवर मॉडेलचा क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पट्टी हरवली असेल तर जेटवर कोरलेले आकडे वाचा. सोलेक्सच्या जेटवरचा 120 म्हणजे 1.20 मिलिमीटरचं भोक. मागच्या मेस्त्रीने कोणता जेट घातला होता आणि मूळ कोणता असायला हवा, हे दोन्ही वहीत टिपा. अनेक गाड्यांचा 'आजार' एवढाच असतो की कुणीतरी मायलेजसाठी लहान जेट घातलेला असतो.

खोलताना

पांढऱ्या एनॅमलच्या ताटात काम करा, बारीक स्प्रिंग आणि गोळ्या त्यात दिसतात. प्रत्येक टप्प्यावर फोटो. सोलेक्सच्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाखाली लहान गोळी असते, ती उडून गेली की शोधत बसावं लागतं. पितळी जेटला त्याच्या खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर लावा. सैल पात्याने खाच बिघडली की दीडशे रुपयांच्या जेटसाठी तीनशेचं ड्रिलिंग होतं. अडकलेल्या स्क्रूवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी बॉडी हेअर ड्रायरने किंचित गरम करा, मग फिरवा. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि तिचे आटे मऊ असतात, म्हणून जोर लावायचा नाही.

काढलेला कुठलाही भाग फेकू नका. वाकलेली सुई, फुटका फ्लोट, जुना शाफ्ट, सगळं चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. लेथवाल्याला माप त्यावरूनच घ्यायचं असतं.

तपासणी: पैसे कुठे जाणार हे इथे ठरतं

शाफ्टपासून सुरुवात करा, कारण खर्चाचा सर्वात मोठा आकडा त्याच्यापाशी असतो. थ्रॉटल बंद ठेवून शाफ्टचं टोक दोन बोटांत धरा आणि वरखाली हलवा. जाणवेल इतका खेळ असेल तर शाफ्ट झिजला आहे, किंवा बॉडीतलं भोक लंबगोल झालं आहे, किंवा दोन्ही. अ‍ॅक्सिलरेटरची ओढ एकाच बाजूने असल्यामुळे भोक त्याच दिशेने खातं. मग आयडलला त्या फटीतून जादा हवा जाते, मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) होतं, मेस्त्री आयडलचा स्क्रू उघडत जातो, आणि शेवटी उभी गाडी धूर काढते पण पिकअप घेत नाही. या चक्रात अडकलेल्या गाड्या कोकणात खूप आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना फक्त बुश (शाफ्ट फिरतो त्या भोकात बसवायच्या धातूच्या आखूड नळ्या) हवे असतात.

दुसरी तपासणी फ्लँजची. जाड काचेचा सपाट तुकडा घ्या, फ्लँज त्यावर ठेवा आणि मधल्या भागाखाली फीलर गेजची पातळ पट्टी सरकवून बघा. 0.1 मिलिमीटरची पट्टी सहज आत गेली तर फ्लँज पिळली आहे. नट कचकचून आवळल्यामुळे तिचे दोन्ही कान खाली वाकतात आणि मध्ये फट पडते. जाड पॅकिंग टाकून ही फट कायमची बंद होत नाही.

तिसरी तपासणी आतल्या वाटांची. खारी हवा आणि पाणी एकत्र आलं की जस्ताच्या बॉडीवर पांढरी, रवाळ पूड धरते. बाहेरची पूड दिसायला वाईट असली तरी ती ब्रशने निघते. फ्लोट चेंबरच्या तळाशी, अगदी मेन जेटच्या तोंडाशी खड्डे पडले असतील तर ते गंभीर. नखाने खरवडून बघा. नख अडकतं पण भिंत शाबूत आहे, तर चालेल. टोचणीने माती सुटावी तसा धातू सुटायला लागला तर ती बॉडी वाचवण्यात पैसे घालू नका, त्याच मॉडेलची दुसरी जुनी बॉडी शोधा.

पूर आलेल्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी पुढे 'फक्त इंजिन सुरू करायचं आहे' म्हणून विकायला येते. तिच्या कार्बोरेटरच्या हवेच्या वाटांत गाळ सुकून घट्ट बसलेला असतो. तो नुसत्या हवेच्या दाबाने निघत नाही, शिशाचे प्लग काढून वाटा मोकळ्या कराव्या लागतात. गाडी घेतानाच किमतीत ते धरा.

फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे. नक्की करायचं असेल तर तो कडकडीत गरम पाण्यात बुडवा, भोकातून बुडबुडे येतील. झाळता येतो, पण झाळ जास्त झाली की फ्लोट जड होतो आणि पेट्रोलची पातळी वर जाते. नवा मिळत असेल तर नवाच घ्या.

खर्चाचा कागद

तपासणी झाली की एक पान घ्या आणि चार रकाने करा: सुटे भाग, जॉबवर्क, मेस्त्रीची मजुरी, हेलपाटे. हेलपाट्यांचा रकाना लोक विसरतात. राजापूरहून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जाऊन यायचं म्हणजे दिवस आणि पेट्रोल दोन्ही जातं. चार वेळा जायला लागलं तर बुशच्या कामापेक्षा रस्ता महाग पडतो. म्हणून सगळी कामं एकाच फेरीत नेता येतील अशी बांधा.

पद्मिनीच्या सोलेक्सचं एक नमुना अंदाजपत्रक असं बांधता येईल. गास्केट-डायफ्रॅम किट 600, नीडल वाल्व (फ्लोटने उघडझाप होणारी पेट्रोलची झडप) 350, अल्ट्रासोनिक धुलाई 800, नवा शाफ्ट आणि दोन्ही बाजूंचे बुश 1,800, फ्लँज सपाट करणं 300, लिंकेज (थ्रॉटल ओढणाऱ्या दांड्या) आणि स्क्रूंना झिंक प्लेटिंग 500, इथेनॉल सोसणारी पाइप आणि क्लिपा 600, फिल्टर 150, खोल-जोड आणि ट्युनिंगची मजुरी 2,500, पार्सल व प्रवास 600. बेरीज 8,200. त्यावर वीस टक्के राखीव, म्हणजे 1,640. एकूण 9,840, म्हणजे दहा हजार बाजूला काढून कामाला हात घालावा.

शाफ्ट आणि फ्लँज ठीक असतील आणि नुसतं किट, धुलाई व जोडणी पुरली तर काम दीड ते चार हजारांत आटोपतं. एसयू असेल आणि सुई-जेट बाहेरून मागवायचे असतील तर दहा ते वीस हजारांची तयारी ठेवा. परदेशी भागाच्या छापील किमतीवर कुरिअर, कस्टम आणि कर मिळून निम्म्याने वाढ होते असं धरून चाललं तर नंतर धक्का बसत नाही. कार्टर किंवा जोड-एसयूसाठी पंचवीस हजारांच्या वर. आणि डुप्लिकेट नवा कार्बोरेटर साधारण तीन ते सहा हजारांत.

डुप्लिकेट दहा हजारांपेक्षा निदान चार हजारांनी स्वस्त, हे खरं. तरी मला विचाराल तर मूळ बॉडी दुरुस्त करावी. डुप्लिकेटचे जेट बरेचदा छापील आकड्याला धरून नसतात, शाफ्ट पहिल्या दिवशीच सैल असतो, आणि आयडलची वाट नीट कापलेली नसते. तो बसवून ट्युनिंगसाठी पुन्हा पुन्हा गॅरेजला गेलात की वाचलेले पैसे तिथे संपतात. दुसरं कारण कागदोपत्री आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी 20,000 आणि नूतनीकरणाची 5,000 रुपये. ज्यांना त्या वाटेने जायचं आहे त्यांनी बॉनेटखालचं काहीही परकं होऊ देऊ नये. मारुती 800 सारख्या गाडीला, जिचा मिकुनी पार खाऊन गेलाय, तिथे मात्र चांगल्या अवस्थेतला जुना मूळ कार्बोरेटर विकत घेणं शहाणपणाचं. फक्त शाफ्ट हलवून बघून घ्या.

धुलाई

अल्ट्रासोनिक टाकीत कोमट पाणी आणि सौम्य साबण, पन्नास-साठ अंश तापमान, दहा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन फेरे, मधे हवेच्या दाबाने प्रत्येक वाट फुंकायची. फुंकताना एका भोकावर बोट ठेवून दुसऱ्यातून हवा येते का ते पाहा, न आल्यास पुन्हा टाकीत. अनेक इंजेक्टर-क्लीनिंगवाल्यांकडे अशी टाकी असते, आणि पाचशे ते हजार रुपयांत ते काम करून देतात.

काय टाळायचं हे जास्त महत्त्वाचं. कॉस्टिक सोडा आणि संडास साफ करायची द्रावणं जस्त व अ‍ॅल्युमिनियम खातात. आपल्याकडे पितळेची समई आमसुलाने लख्ख होते, म्हणून कुणी कार्बोरेटरही आमसुलाच्या पाण्यात टाकतात. जेट चकाकतील, पण बॉडीचा धातू आंबटाने झिजेल. वाळूचा मारा तर मुळीच नको, वाळूचा एक कण आतल्या वळणात अडकला की तो शोधता येत नाही. आणि जेटमध्ये तार घालू नका. 1.20 चं भोक 1.23 झालं की मिश्रण बदललं. तारेने साफ केलेला जेट म्हणजे मोडीत गेलेला जेट.

फ्लँज घरीच सपाट करता येते. काचेवर 400 नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवा, त्यावर फ्लँज आठच्या आकड्यासारखी हलक्या हाताने फिरवा. आधी फक्त दोन कान घासले जातात, मधला भाग काळाच राहतो. जसजसं घासाल तसा राखाडी पट्टा मधे सरकत येतो. पूर्ण चेहरा एकसारखा राखाडी झाला की थांबा. नंतर साबणाने धुऊन हवा मारा.

शाफ्ट आणि बुश: इथे हात आखडता घेऊ नका

हे काम लेथवर करायचं, आणि त्यासाठी कार्बोरेटर केलेला माणूस लागतो. रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसी, कुडाळची एमआयडीसी, चिपळूणजवळ लोटे परशुराम, इथे लेथवाले आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर बारीक कामाचे टर्नर पिढ्यांचे आहेत. कोण करतो हे विचारण्यापेक्षा त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला: दोन्ही बुश एका रेषेत रीम करणार (भोकं नेमक्या मापाला आणणार) का? दुसरा: बुश कशाचा? उत्तर 'एका सेटिंगमध्ये, गनमेटल किंवा ब्रॉन्झचा' असं आलं तर काम द्या. दोन बाजू वेगवेगळ्या धरून भोकं पाडली तर शाफ्ट तिरका बसतो आणि थ्रॉटल अडकतो. आंबोलीच्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटर अडकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

नव्या बुशमध्ये शाफ्ट बोटाने फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. शाफ्ट नवीन मिळाला नाही तर त्याच मापाची स्टेनलेस रॉड घेऊन खाच कापून घेता येते, खाऱ्या हवेत ती जास्त टिकते. फुलपाखरू, म्हणजे थ्रॉटलची चकती, बसवताना स्क्रू सैल ठेवा, थ्रॉटल दोन-तीनदा जोरात बंद करा म्हणजे चकती आपल्या जागी येते, मग स्क्रू घट्ट करा. उजेडासमोर धरल्यावर कडेने प्रकाशाची रेघ सगळीकडे सारखी किंवा अजिबात नसावी. शेवटी स्क्रूंची टोकं थोडी चेपा किंवा लॉकिंग द्रव लावा. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो, आणि मग हिशोब कार्बोरेटरचा राहत नाही.

बुशचं काम बाराशे ते अडीच हजारांत होतं. कुणी चारशे रुपयांत 'पितळी नळी ठोकून देतो' म्हणाला तर नको म्हणा.

भाग कुठून आणि ई-20 चा विचार

मुंबईत ऑपेरा हाउस भागातली स्पेअर पार्टची दुकानं, जुन्या भागांसाठी चोरबाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला नमुना देऊन भाग आणवणं ही आपली जुनी रीत आहे आणि ती उत्तम चालते. फक्त त्याच्याकडे फोटोसोबत माप आणि जेटचे आकडेही द्या.

किट घेताना विचारा, रबर व्हिटॉन (इथेनॉल सोसणारं) आहे का. 2023 पासून ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता पंपावर जे मिळतं ते ई-20 समजूनच चालावं. इथेनॉल जुनं साधं रबर फुगवतं, नीडल वाल्वचं टोक मऊ करतं, आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, नेमकं फ्लोट चेंबरच्या तळाशी. म्हणूनच कोकणात बॉडीला खड्डे पडण्याचं प्रमाण जास्त राहणार. व्हिटॉनचा नीडल वाल्व दोनशे रुपये महाग असला तरी घ्या. पेट्रोलची पाइपसुद्धा इथेनॉल सोसणारी हवी, साधी पाइप आतून सुटते आणि तिचे काळे कण जेटपर्यंत पोहोचतात.

जेटचा हिशोब असा. साध्या पेट्रोलला वजनाच्या सुमारे 14.7 पट हवा लागते, ई-20 ला साधारण 13.5 पट. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून 120 ऐवजी 125 चा मेन जेट घातला की वाट साडेआठ टक्क्यांनी मोठी होते, आणि गणित जवळपास जुळतं. आयडल जेटही एक पायरी वर लागू शकतो. सगळ्यांनी डोळे झाकून जेट बदलावेत असं मात्र नाही. आधी मूळ जेटवर चालवा, चढावर खडखड येते का, प्लग पांढरे पडतात का ते बघा, मगच बदला. प्लगचा रंग फिकट तपकिरी असावा.

जोडणी आणि सेटिंग

सोलेक्समध्ये फ्लोटची पातळी, पंपाचा झटका आणि आयडल या तीन गोष्टी साधल्या की काम झालं. थ्रॉटल दाबल्याबरोबर नळीतून पेट्रोलची सरळ, अखंड धार दिसली पाहिजे, थेंब थेंब नव्हे.

एसयूला थोडा जास्त वेळ द्या. आतला वरखाली होणारा पिस्टन आणि डॅशपॉट, म्हणजे त्यावरचं झाकण, एकाच जोडीचे असतात, दुसऱ्याच्या झाकणात पहिल्याचा पिस्टन घालू नका. जेट पूर्ण वर करून लॉकनट सैल सोडा, पिस्टन खाली दाबून नट आवळा. मग पिस्टन उचलून सोडा, तो खाली पडताना पुलावर (जेटभोवतीच्या सपाट भागावर) टेकल्याचा मऊ 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर सुई जेटला घासते आहे, पुन्हा मध्यावर आणा. जेट पुलाच्या पातळीला आणून अ‍ॅडजस्टिंग नट दोन पूर्ण फेरे खाली, ही सुरुवातीची जागा. फ्लोटची फट झाकण उलटं धरून 3 ते 5 मिलिमीटर. डॅशपॉटमध्ये 20 ग्रेडचं तेल. इंजिन गरम झालं की पिस्टन एक मिलिमीटरभर उचला: रेस वाढून तशीच राहिली तर मिश्रण जाड, इंजिन दबलं तर पातळ, क्षणभर वाढून पूर्ववत झाली तर बरोबर.

आणि एक स्वस्त उपाय, जो फार कमी लोक वापरतात. पीयूसी केंद्रावरचं यंत्र कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण आकड्यात दाखवतं. 2000 आधीच्या पेट्रोल गाडीला मर्यादा 3 टक्के आहे. गर्दी नसलेल्या वेळी जा, केंद्रवाल्याला आणखी थोडे पैसे द्या आणि नळी लावलेली असतानाच आयडलचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून आकडा दीड ते अडीचच्या मधे आणा. मेस्त्रीचा कान आणि यंत्राचा आकडा जुळला की ट्युनिंगवर पुन्हा खर्च करावा लागत नाही.

काम कधी काढायचं आणि पावसाळ्यात काय करायचं

गणपतीला गाडी दारात हवी म्हणून श्रावणात कार्बोरेटर खोलू नका. तेव्हा प्लेटिंग करून आणलेले भाग आठवड्यात काळवंडतात, पार्सल दरडीमुळे घाटात अडकतात आणि लेथवाल्याकडे वीज जाते-येते. दिवाळी ते शिमगा हा खरा हंगाम. कार्तिकात खोललात तर भाग मिळायला उशीर झाला तरी माघात गाडी उभी राहते.

पावसाळ्यात गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवणार असाल तर फार काही करावं लागत नाही. चार महिने उभीच राहणार असेल तर पेट्रोलची पाइप बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग फ्लोट चेंबरच्या तळाचा प्लग काढून उरलेलं पेट्रोल काढून टाका. थोड्या वेळाचं काम आहे आणि पुढच्या वर्षीची धुलाई वाचते. लिंकेजवर पातळ तेलाचा हात द्या. वर प्लॅस्टिकची ताडपत्री नको, तिच्याखाली घाम सुटतो, सुती आवरण घाला. एअर क्लीनरच्या तोंडाला आणि ओव्हरफ्लोच्या नळीला बारीक जाळीचं कापड बांधा. कुंभारीण माशी अशा भोकात मातीचं घर करते, आणि ओव्हरफ्लो तुंबला की चेंबरमधली हवा अडते आणि गाडी मैलभर जाऊन थांबते. गाडी पहिल्यांदा सुरू करण्याआधी ते कापड सोडायचं आहे, ही चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा.